यादीत नसलेली मुलं

'इलेक्टिव्ह' हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या फॉर्मवर. चार-पाच विषयांची नावं, त्यातला कुठलाही एक निवडा. कुठल्या सरांचा पेपर सोपा असतो, कुठल्या विषयाच्या नोट्स सीनिअर्सकडे आयत्या मिळतात ह्याची चौकशी करायची आणि टिकमार्क करून मोकळं व्हायचं. त्यामुळे इलेक्टिव्ह म्हणजे 'हे नाही तर ते, आणि नाही घेतलं तरी काही अडत नाही' असा अर्थ डोक्यात जो बसला तो बसलाच.

मग २०२० चा मार्च आला. १९ मार्चच्या रात्री पंतप्रधानांचं भाषण झालं. जनता कर्फ्यू आणि टाळ्या-थाळ्या सगळ्यांच्या लक्षात राहिल्या. पण त्याच भाषणात, तातडीची नसलेली शस्त्रक्रिया ठरली असेल तर ती महिनाभर पुढे ढकला असंही एक आवाहन होतं. दुसऱ्या दिवशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं रुग्णालयांना तशी सूचनाच काढली - इलेक्टिव्ह शस्त्रक्रिया पुढे ढकला. मला त्यात काहीच खटकलं नाही. बरोबरच आहे, नाक सरळ करून घेणं वगैरे महिनाभर थांबायला काय हरकत आहे, असं वाटलं आणि मी परत लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

माझा घोळ त्या फॉर्ममुळे झाला होता. सर्जन लोकांच्या भाषेत इलेक्टिव्हचा अर्थ एवढाच, की ऑपरेशनची तारीख आधी ठरवता येते. आज रात्रीच पोट उघडलं नाही तर माणूस जाईल, ती इमर्जन्सी. बाकी सगळं इलेक्टिव्ह. बाळाच्या हृदयाला भोक आहे, ते बुजवायचंय - इलेक्टिव्ह. टाळू दुभंगलेली आहे, ती शिवायचीय - इलेक्टिव्ह. जन्मतःच मोतीबिंदू आहे, तो काढायचाय - तोही बहुतेक वेळा इलेक्टिव्ह. तारीख ठरवता येते, म्हणजे ती कितीही लांबवता येते असं नाही. हा फरक मला कळायला पुढे बरंच वाचावं लागलं.

तर ह्या एका शब्दाच्या नावाखाली गरीब देशांतल्या लहान मुलांचं काय झालं, हा आजचा विषय. गोष्ट मुख्यतः २०२० ची असली तरी सुरू आधीच होते, आणि तिच्यात एक जहाज आहे आणि एक आगगाडी.

* * *

जहाजाचं नाव 'आफ्रिका मर्सी'. मूळची ही डेन्मार्कची रेल्वे-फेरी, म्हणजे आख्खे रेल्वेचे डबे पोटात घेऊन पाणी ओलांडणारी बोट. 'मर्सी शिप्स' नावाच्या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेनं ती घेतली, आत ऑपरेशन थिएटरं आणि वॉर्ड बांधले, आणि २००७ पासून हे रुग्णालय आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फिरायला लागलं. एका बंदरात साधारण दहा महिने मुक्काम, मग पुढचं बंदर. दुभंगलेले ओठ, वाकडे पाय, चेहऱ्यावरच्या गाठी, मोतीबिंदू.. सगळं फुकट.

आगगाडी आपल्याकडची. 'लाइफलाइन एक्स्प्रेस' उर्फ जीवनरेखा. इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन आणि भारतीय रेल्वेनं मिळून १६ जुलै १९९१ ला सुरू केलेली, जगातली पहिली रुग्णालय-आगगाडी. तिचा मुक्काम मुंबईचा. पण काम आडगावच्या स्टेशनांवर, एकेका ठिकाणी काही आठवडे सायडिंगला उभं राहून. ओठाची ऑपरेशनं, पोलिओनं वाकलेले पाय, कान, डोळे. पुढे २०१६ मध्ये डबे वाढून सात झाले. गंमत बघा, तिकडे डबे वाहणाऱ्या बोटीचं रुग्णालय झालं आणि इकडे खुद्द डब्यांचंच.

आता प्रश्न असा, की रुग्णालयाला चाकं लावायची वेळच का यावी? कारण साधं आहे. गरीब देशांत सर्जन शहरात असतो आणि मूल गावात. मधलं अंतर कुणीतरी तोडावं लागतं. एक तर सर्जन मुलाकडे जातो (शिबिर, जहाज, गाडी), नाहीतर मूल सर्जनकडे येतं (पॅसेंजरचा जनरल डबा, बापाची बुडलेली मजुरी, रुग्णालयाच्या व्हरांड्यात काढलेल्या रात्री). दोन्ही प्रकारांत शस्त्रक्रियेचा निम्मा भाग थिएटरात होतो आणि निम्मा रस्त्यावर.

हे अंतर किती मोठं आहे त्याचे आकडे फार जुने नाहीत. 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०१५ मध्ये हिशेब मांडला तेव्हा जगातल्या ५०० कोटी लोकांना वेळेत, सुरक्षित आणि परवडेल अशी शस्त्रक्रिया मिळत नाही असं दिसलं. २०१९ मध्ये फक्त मुलांचा असाच अंदाज आला - १७० कोटी. ही परिस्थिती कोरोनाच्या आधीची, म्हणजे सगळं सुरळीत चालू असतानाची.

आता ह्या व्यवस्थेत साथ आली की पहिला घाव कशावर पडतो? प्रवासावर. साथ रोखायची म्हणजे हालचाल रोखायची, आणि इथे तर शस्त्रक्रिया हालचालीवरच उभी आहे.

* * *

ह्याची रंगीत तालीम २०१४ मध्येच झाली होती, पश्चिम आफ्रिकेत. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन ह्या तीन देशांत इबोला पसरला. साथ संपेपर्यंत ११ हजारांहून जास्त माणसं गेली. हा मृत्यूंचा आकडा जगभर छापून आला. त्याच्या सावलीत जे घडलं ते फारसं छापून आलं नाही.

इबोला रक्तातून आणि शरीरातल्या द्रवांतून पसरतो. म्हणजे सर्जनला सगळ्यात मोठा धोका. सिएरा लिओनमध्ये मुळात सर्जन मोजके, त्यातले डॉ. मार्टिन सालिया फ्रीटाऊनमधल्या किसी भागातल्या रुग्णालयात काम करायचे. ते इबोलाचं उपचार केंद्र नव्हतं, नेहमीचंच रुग्णालय होतं. तरी त्यांना लागण झाली. अमेरिकेत नेब्रास्काला हलवलं, पण १७ नोव्हेंबर २०१४ ला ते गेले. अशा देशात एक सर्जन जातो तेव्हा त्याच्याबरोबर पुढच्या वीस वर्षांची हजारो ऑपरेशनं जातात.

लोकही रुग्णालयाला घाबरायला लागले. तिथे गेलं की इबोला होतो, अशी समजूत पसरली, आणि ती पूर्ण चुकीची होती असंही म्हणता येत नाही. सिएरा लिओनमधल्या रुग्णालयांची नोंद तपासली तेव्हा दिसलं, की मे ते ऑक्टोबर २०१४ ह्या काळात मोठ्या शस्त्रक्रिया साधारण निम्म्यावर आल्या होत्या. ज्या होत होत्या त्याही प्रामुख्यानं जीव वाचवण्याच्या. दुभंगलेल्या ओठाचा नंबर अशा वेळी कुठे लागणार?

आणि आपलं जहाज? 'आफ्रिका मर्सी' त्या वर्षी बेनिनला जायचं होतं. बेनिन काही त्या तीन देशांत नव्हता, पण त्याच पट्ट्यातला. धोका नको म्हणून जहाज आफ्रिकेला वळसा घालून पार मादागास्करला गेलं. तिथल्या मुलांना अचानक लॉटरी लागली, बेनिनच्या मुलांची तारीख पुढे गेली. जहाज बेनिनला पोचलं ते २०१६ मध्ये. ह्यात कुणाची चूक काढणार? जहाजावरची माणसं आजारी पडली असती तर कुणाचंच ऑपरेशन झालं नसतं. पण बेनिनमध्ये २०१४ साली जन्मलेलं दुभंगलेल्या टाळूचं बाळ त्या दोन वर्षांत बोलायला लागलेलं होतं, आणि ते कसं बोलायला लागलं असेल ह्याचा विचार करा.

* * *

हे बोलण्याचं प्रकरण जरा समजून घेऊ, कारण सगळा मुद्दा तिथेच अडकलाय. मोठ्या माणसाचा हर्निया सहा महिने थांबला तर त्रास होतो, पण सहसा माणूस तोच राहतो. मूल मात्र थांबत नाही. ऑपरेशन पुढे गेलं तरी त्याची वाढ चालूच असते, आणि ती त्या दोषाला धरूनच होते.

ओठ शिवायचा तो साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात. सर्जनांचा एक जुना ठोकताळा आहे, दहाचा नियम: बाळ दहा आठवड्यांचं हवं, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलो हवं आणि हिमोग्लोबिन दहा हवं. टाळूचं ऑपरेशन त्यानंतर, नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, मूल नीट बोलायला लागायच्या आत. टाळू उघडी राहिली तर हवा नाकातून निसटते, 'प', 'ब', 'क', 'ग' नीट उमटत नाहीत, आणि मूल त्यावर आपले आपले उपाय शोधून चुकीच्या जागेवरून आवाज काढायला शिकतं. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी टाळू शिवली तरी ती सवय जात नाही, ती मोडायला वर्षानुवर्षं स्पीच थेरपी लागते. आणि स्पीच थेरपिस्ट तालुक्याला कुठे असतो?

पाऊल जन्मतः आत वळलेलं असेल, ज्याला क्लबफूट म्हणतात, तर आता मोठं ऑपरेशन सहसा लागत नाही. स्पेनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत आयोवाला काम केलेले डॉ. इग्नासिओ पोन्सेटी ह्यांनी पद्धत घालून दिली: दर आठवड्याला पाय थोडा वळवून नवं प्लास्टर घालायचं, असं पाच-सहा आठवडे. स्वस्त आणि मस्त. पण ह्यात 'दर आठवड्याला' हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. लॉकडाऊनमध्ये दर आठवड्याला बाळ घेऊन जिल्ह्याच्या गावी कसं जाणार? एसटी बंद, रेल्वे बंद.

पित्तनलिका बंद असलेल्या बाळावर कासाई नावाचं ऑपरेशन करतात. जपानी सर्जन मोरिओ कासाई ह्यांनी ते १९५० च्या दशकात शोधलं. साधारण पहिल्या साठ दिवसांत झालं तर यशाची शक्यता चांगली, त्यानंतर उतरत जाते. जन्मतःच्या मोतीबिंदूचंही तसंच, पहिल्या दीड-दोन महिन्यांत काढला तर उत्तम, कारण बघायला शिकण्याचं मेंदूचं वय निघून जातं. नंतर काढला तर डोळा स्वच्छ होतो पण नजर येत नाही. हृदयातलं मोठं भोक बराच काळ तसंच राहिलं तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या बिघडतात, आणि मग एक दिवस डॉक्टर सांगतात की आता ऑपरेशन करता येणार नाही.

थोडक्यात, आपल्या भाषेत सांगायचं तर ह्या सगळ्या रिक्वेस्टना टाइमआउट आहे. आणि तो कुणालाही वाढवून मिळत नाही.

* * *

आता परत २०२०. 'आफ्रिका मर्सी' ऑगस्ट २०१९ पासून सेनेगलच्या डाकार बंदरात होतं. मार्च २०२० मध्ये काम अर्धवट थांबवून ते निघालं आणि कॅनरी बेटांतल्या तेनेरिफेला जाऊन उभं राहिलं. भारतात त्याच महिन्यात प्रवासी गाड्या थांबल्या. १९७४ च्या संपातसुद्धा अगदीच ठप्प न झालेली रेल्वे ह्या वेळी खरंच थांबली. मग रुळांवरच्या रुग्णालयाची काय कथा?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. शस्त्रक्रिया थांबवणं हा मूर्खपणा नव्हता. भूल देताना घशात नळी घालतात, तेव्हा विषाणू हवेत उडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. टाळू शिवणारा सर्जन तर त्या उघड्या तोंडावर तासभर वाकलेला असतो. पीपीई किट नव्हते, चाचण्या मोजक्या, निकाल यायला वेळ. भूलतज्ज्ञ कोविड वॉर्डात, व्हेंटिलेटर तिकडे. रक्ताचाही तुटवडा, कारण कॉलेजं आणि आपली ऑफिसं बंद म्हणजे तिथली रक्तदान शिबिरंही बंद. मे २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये २४ देशांतल्या ११२८ रुग्णांचा अभ्यास आला. शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोरोनाची लागण झालेल्यांपैकी जवळपास चारांतला एक महिन्याभरात दगावला होता. त्यात मोठी माणसंच जास्त होती हे खरं, पण तेव्हा एवढी बातमीही कुणाचा हात थांबवायला पुरेशी होती.

म्हणजे 'थांबवा' हा निर्णय समजण्यासारखा होता. न समजण्यासारखं पुढेच आहे. काय थांबलं, ह्याचा हिशेब आपण कसा ठेवला?

त्याच महिन्यात बर्मिंगहॅम विद्यापीठातून चाललेल्या 'कोविडसर्ज' गटाचा अंदाज प्रसिद्ध झाला. ७१ देशांतल्या रुग्णालयांकडून माहिती घेऊन त्यांनी १९० देशांसाठी गणित केलं. साथीच्या ऐन भरातल्या बारा आठवड्यांत जगात २ कोटी ८४ लाख इलेक्टिव्ह शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा पुढे जातील, म्हणजे ठरलेल्यांपैकी साधारण ७२ टक्के. नंतर प्रत्येक देशानं नेहमीपेक्षा २० टक्के जास्त काम केलं तरी हा बॅकलॉग उपसायला साधारण ४५ आठवडे लागतील.

हे ४५ कुठून आले ते तुम्हीही काढू शकता. बारा आठवड्यांचे ७२ टक्के म्हणजे ८.६ आठवड्यांचं काम साचलं. दर आठवड्याला जादा काम ०.२ आठवड्याचं. भागिले तर ४३. त्यांचं मॉडेल अर्थात जास्त बारकाईचं, पण गाभा हाच. ज्यांनी कधी रिलीजनंतर साचलेले बग उपसलेत त्यांना हे गणित अंगावरच्या खुणांसारखं ओळखीचं वाटेल. आणि इथे २० टक्के जास्त काम करणार कोण? वर्षभर पीपीईत घामाघूम झालेला तोच स्टाफ.

पण मला थबकायला लावलं ते देशवार आकड्यांनी. ब्रिटनमध्ये बारा आठवड्यांत ५ लाख १६ हजार शस्त्रक्रिया रद्द होण्याचा अंदाज होता. भारतात साधारण ५ लाख ८० हजार.

परत वाचा. भारताची लोकसंख्या ब्रिटनच्या वीसपट आहे, आणि रद्द होणाऱ्या शस्त्रक्रिया जवळपास तेवढ्याच!

मी आधी विचार केला, म्हणजे आपल्याकडे फार काही बिघडलं नाही. मग ट्यूब पेटली. रद्द व्हायला आधी ठरावी लागते. तारीख मिळायला नाव यादीत असावं लागतं, त्यासाठी कुणीतरी तपासून, निदान करून, चिठ्ठी देऊन पाठवावं लागतं. ज्याच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही त्याचं ऑपरेशन रद्द होत नाही. ते मुळी नसतंच.

आमच्या प्रोजेक्टवर एकदा असं झालं होतं. रात्रभर डॅशबोर्ड हिरवागार, एरर शून्य. सगळे खूष. सकाळी कळलं की पुढच्या राउटरमध्ये कुणीतरी चुकीची सेटिंग टाकली होती आणि एकही रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हती. एरर शून्य, कारण ट्रॅफिकच शून्य. आमचं नुकसान चार तासांच्या ऑर्डरींचं झालं. इथे डॅशबोर्डच्या बाहेर राहिली ती मुलं.

* * *

मूल यादीत येतं कसं, हे बघायचं असेल तर 'स्माइल पिंकी' हा माहितीपट बघा. मेगन मायलन ह्या अमेरिकन दिग्दर्शिकेचा. २००९ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं तेव्हा पिंकी सोनकर हे नाव सगळ्या पेपरांत होतं. मिर्झापूर जिल्ह्यातली मुलगी, दुभंगलेला ओठ, वाराणसीच्या डॉ. सुबोध कुमार सिंह ह्यांनी केलेलं मोफत ऑपरेशन. २०१३ च्या विम्बल्डनच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात नाणेफेक तिच्या हस्ते झाली. आपल्याला ऑपरेशन आणि नंतरचं हसू लक्षात राहतं. पण त्या फिल्ममध्ये बराच वेळ एक समाजसेवक गावोगाव फिरत असतो, असं मूल कुणाच्या घरात आहे का विचारत, आणि हे दुरुस्त होतं, पैसे लागत नाहीत, हे पटवत. पिंकीचं ऑपरेशन खरं तिथेच सुरू झालं.

तो माणूस २०२० च्या एप्रिलमध्ये घरात असता. त्याचं घरात असणं कुठल्याच आकड्यात आलं नसतं.

सरकारी पातळीवर हेच काम करणारी योजना आपल्याकडे आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिची सुरुवात झाली ती आपल्याच पालघरमधून. कल्पना झकास आहे. मूल डॉक्टरकडे येत नाही ना, मग मूल जिथे रोज जातं तिथे डॉक्टर पाठवा. फिरती पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जाऊन सगळ्यांना तपासतात. हृदयातून वेगळा आवाज येतोय का, कान फुटलाय का, दिसतं का, पाऊल वाकडं आहे का. काही सापडलं की जिल्ह्याला पाठवायचं, पुढचा खर्च सरकारचा.

ह्या योजनेचा पाया म्हणजे उघडी शाळा आणि उघडी अंगणवाडी. मार्च २०२० मध्ये दोन्ही बंद. अनेक ठिकाणी ही पथकंच कोविडच्या कामाला जुंपली गेली. सप्टेंबरमध्ये राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम झाली, तेव्हा आशाताई आणि त्यांचे सहकारी दारोदार गेले, पण हातात तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन. त्यांना दोष देत नाही, त्या वर्षात त्यांनी जे केलं ते आपल्यापैकी कुणी केलं नसतं. पण दारात कुणी आलं तरी ते वेगळ्याच गोष्टीसाठी आलं, एवढं मात्र खरं. राज्यात पहिली ते चौथीचे वर्ग सरसकट पुन्हा सुरू करायला डिसेंबर २०२१ उजाडला.

दुभंगलेला ओठ निदान जन्मतःच दिसतो. हृदयाचं भोक दिसत नाही, ते ऐकावं लागतं. आणि ऐकणारं कुणी पावणेदोन वर्षं शाळेत आलं नाही.

एक ढोबळ हिशेब करून बघू. दुभंगलेला ओठ किंवा टाळू साधारण दर ७०० जन्मांमागे एका बाळात आढळते. भारतात वर्षाला अंदाजे २ कोटी ४० लाख जन्म धरले तर अशी ३४ हजार बाळं. साथीनं जन्म थांबवले नाहीत. म्हणजे त्या बारा आठवड्यांत जवळपास ८ हजार बाळं हा दोष घेऊन जन्माला आली. त्यातली यादीत किती आली? रद्द झालेल्या शस्त्रक्रियांच्या आकड्यात ह्याचं उत्तर नाही, आणि असूही शकत नाही. कारण तो आकडा ह्यांच्या जन्माच्या आधी ठरलेल्या तारखांचा आहे.

* * *

मग गाडी रुळावर कोण कधी आलं? लाइफलाइन एक्स्प्रेसनं जानेवारी २०२१ मध्ये आसाममधल्या बदरपूर स्टेशनवर पुन्हा काम सुरू केलं. म्हणजे साधारण दहा महिन्यांनी. तीन महिन्यांत दुसरी लाट आली आणि ऑक्सिजनच्या त्या भयंकर दिवसांत देशभर थिएटरं पुन्हा थंडावली, तो भाग वेगळा. 'आफ्रिका मर्सी' डाकारला परतलं फेब्रुवारी २०२२ मध्ये. जवळपास दोन वर्षं. जहाज निघालं त्या महिन्यात डाकारमध्ये जन्मलेलं बाळ तोपर्यंत धावत होतं, आणि दुभंगलेली टाळू घेऊन बोलत होतं.

जहाजाला कमी लेखायचं नाहीये. त्याच संस्थेचं नवं, मोठं जहाज 'ग्लोबल मर्सी' ऑगस्ट २०२३ मध्ये फ्रीटाऊनला लागलं, त्याच फ्रीटाऊनला जिथे डॉ. सालिया काम करायचे. पण इतिहास दोनदा एकच गोष्ट सांगतोय. बाहेरून येणारी मदत जेवढ्या लांबून येते तेवढी ती आधी थांबते आणि उशिरा परतते. समुद्रापलीकडून येणारा सर्जन सगळ्यात आधी गेला आणि सगळ्यात शेवटी आला. जिल्ह्याच्या गावात राहणाऱ्या सर्जनचं थिएटरही बंद झालं, पण ज्या दिवशी त्याच्या गावची बंदी उठली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो तिथेच होता. १९९९ मध्ये 'स्माइल ट्रेन' ही संस्था सुरू झाली ती ह्याच विचारावर, परदेशी डॉक्टरांची विमानं पाठवण्याऐवजी स्थानिक डॉक्टरांना शिकवा, त्यांना पैसे द्या. (वाराणसीचे डॉ. सिंह त्यातलेच.) सिएरा लिओनमध्येही २०११ पासून डॉक्टर नसलेल्या आरोग्य अधिकाऱ्यांना सिझेरियन, हर्नियासारख्या शस्त्रक्रिया शिकवायचं काम सुरू झालं. हे उपाय तेव्हा खर्च वाचवायचे म्हणून मांडले जायचे. दोन साथींनंतर कळतं की ते त्याहून जास्त काहीतरी आहेत.

आणि दुसरी गोष्ट, मला जास्त महत्त्वाची वाटते ती मोजण्याची. पुढची साथ येणार, कधी ते माहीत नाही पण येणार. तेव्हाही काही शस्त्रक्रिया थांबवाव्या लागतील, बहुतेक योग्य कारणानंच. त्या वेळी किती रद्द झाल्या हे मोजायला यादीपासून सुरुवात केली तर ब्रिटनचं दुःख दिसेल आणि मिर्झापूरचं दिसणार नाही. सुरुवात जन्मांपासून करायला हवी. जिल्ह्यात एवढे जन्म झाले, म्हणजे एवढे दुभंगलेले ओठ, एवढी वाकडी पावलं, एवढी हृदयं अपेक्षित. त्यातली किती आपल्यापर्यंत आली? न आलेली वजाबाकीत दिसतील. ती नावं नसतील, फक्त एक संख्या असेल. पण शोधायला निघायला तेवढी पुरते. ह्याला सुपर कॉम्प्युटर लागत नाही, एक्सेल शीट पुरते.

त्या बारा आठवड्यांतली ती ८ हजार बाळं आता पहिली-दुसरीच्या वयाची आहेत. काहींचे ओठ वेळेत शिवले गेले असतील, काहींचे उशिरा. काही जण वर्गात मागच्या बाकावर बसत असतील आणि बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही गप्प राहत असतील, कारण तोंड उघडलं की वर्ग हसतो. फिरतं पथक आता पुन्हा शाळेत येतंय. ते येईल त्या दिवशी त्या मुलानं गैरहजर राहू नये, एवढीच माझी फार साधी इच्छा आहे.

असो. सोमवारी ग्रूमिंग कॉल आहे. बॅकलॉग समोर येईल, कुणीतरी विचारेल की एकूण किती आयटम आहेत, आणि मी आकडा सांगेन. आजकाल तो सांगताना जीभ जरा अडखळते.